पल्सारचा एवढा अभ्यास कशासाठी? गिरक्यांच्या हिशोबातून उलगडलेलं खगोलशास्त्र

बी.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा आणि त्याचे रेडिओ स्पंद ठरावीक वेळाने येतात, एवढं पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात संपतं. मग १९६७ पासून आजपर्यंत जगभरातल्या मोठमोठ्या दुर्बिणी त्यांच्यावर इतका वेळ का घालवतात? आणि गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांच्या, बातमीत नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीचं नाव कसं आलं?

मी पल्सार टायमिंगचं काम करतो, म्हणून उत्तर त्याच बाजूने देतो. पल्सारचा सगळ्यात मोठा उपयोग आम्हाला मोजमापाचं साधन म्हणून होतो. त्याची प्रत्येक गिरकी मोजता येते, आणि ही मोजणी वर्षानुवर्षं एकही गिरकी न चुकवता चालू ठेवता येते. अमुक स्पंद अमुक क्षणी यायला हवा असं आम्ही आधी गणित मांडतो. प्रत्यक्षात तो किंचित आधी किंवा नंतर येतो. या उरलेल्या फरकाला आम्ही रेसिड्युअल म्हणतो. या क्षेत्रात जे मोठं काही हाती लागलं, त्यातलं बरंचसं या रेसिड्युअलमधून आलेलं आहे.

मूळ वस्तूबद्दल थोडक्यात. सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड तारा शेवटी अतिनवतारा म्हणून फुटतो, त्याचा गाभा कोसळतो आणि न्यूट्रॉन तारा उरतो. वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट, व्यास मात्र जेमतेम २२ ते २६ किलोमीटर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना जेवढ्या परिसरात पसरल्या आहेत, तेवढ्यात हा अख्खा तारा मावेल. चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या लाख कोटी पटींच्या घरात. चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत फिरण्याच्या अक्षाशी तिरका असतो, त्यामुळे तो दीपगृहाच्या झोतासारखा फिरतो आणि पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक स्पंद मिळतो.

शोधाची कथा बऱ्याच जणांना माहीत असते, पण त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. जोसेलिन बेल तेव्हा केंब्रिजला अँटनी ह्यूइश यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. दुर्बिणीतून रोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडायचा आणि त्या तो डोळ्यांनी तपासायच्या. त्यावर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जागा व्यापणारी एक विस्कटलेली खूण त्यांना पुन्हा पुन्हा दिसली. ती खूण नक्षत्रांच्या वेळेने येत होती, म्हणजे रोज सुमारे चार मिनिटं आधी. माणसाने केलेला गोंगाट आपल्या घड्याळाच्या वेळेने येतो, ताऱ्यांच्या वेळेने येत नाही. त्यामुळे ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी कागद वेगाने फिरवून नोंद घेतली तेव्हा सुमारे १.३३७ सेकंदांनी येणारे स्वच्छ स्पंद दिसले. १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. बेल यांचं नाव त्यात नव्हतं, हे मला आजही खटकतं.

आता मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. सुटा स्पंद बहुतेक वेळा इतका क्षीण असतो की गोंगाटात दिसतही नाही. दिसला तरी दोन स्पंदांचा आकार सारखा नसतो. म्हणून पल्सारच्या कालाप्रमाणे, म्हणजे एका गिरकीला लागणाऱ्या वेळेप्रमाणे, डेटाचे तुकडे करून हजारो तुकडे एकावर एक रचतात. याला फोल्डिंग म्हणतात. रचून झाल्यावर जी सरासरी आकृती उरते ती प्रोफाइल, आणि ती वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहते. हे प्रोफाइल एका साच्याशी जुळवून त्या दिवशीची स्पंदाची आगमनवेळ काढतात. चांगल्या पल्सारसाठी ही वेळ मायक्रोसेकंदाहूनही बारीक मिळते.

एवढ्याने काय होतं? पाच मिलिसेकंदांचा पल्सार घ्या. वर्षभरात तो सुमारे ६३० कोटी गिरक्या घेतो. सेकंदाचा एक अब्जांश भाग घ्या आणि त्याचे पुन्हा दहा लाख भाग करा. आपण धरलेला काल त्यातल्या एका भागाने जरी चुकीचा असला, तरी वर्षअखेर ती चूक साठून सहा मायक्रोसेकंदांची होते. आगमनवेळ मायक्रोसेकंदापर्यंत कळत असेल, तर ही चूक सरळ डोळ्यांना दिसते. एका गिरकीत काहीच कळत नाही. अचूकता येते ती न चुकलेल्या मोजणीतून.

अर्थात आपण ज्या पृथ्वीवरून मोजतो तीही हलते आहे. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात, म्हणजे पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यावर स्पंद काही मिनिटं लवकर किंवा उशिरा येतो. म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन मांडाव्या लागतात. त्यासाठी पल्सारची आकाशातली जागा नेमकी माहीत हवी. क्रांतिवृत्ताजवळच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेजवळच्या, पल्सारची जागा एका विकलेने (अंशाच्या ३६०० व्या भागाने) चुकली, तर रेसिड्युअलमध्ये २.४ मिलिसेकंद उंचीचा हेलकावा येतो आणि तो बरोबर एका वर्षाचा असतो. हा हेलकावा दिसला की आम्ही त्यावरूनच जागा सुधारतो. रेसिड्युअलचा आकार वाचायला शिकणं हे या कामातलं पहिलं कौशल्य. सरळ रेषेत कलत गेला तर काल चुकला. परवलय दिसला तर मंदावण्याचा दर चुकला. वार्षिक हेलकावा वर्षागणिक वाढत गेला तर तारा आकाशात सरकतो आहे. वर्षाशी नातं नसलेला हेलकावा आला, तर मात्र आधी जोडीदाराचा, म्हणजे सोबतच्या एखाद्या ताऱ्याचा किंवा ग्रहाचा, संशय घ्यायचा.

या वाचनात किती सावध राहावं लागतं, हे सांगणारी एक जुनी घटना आहे. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या गटाने बी१८२९-१० या पल्सारभोवती सहा महिन्यांची प्रदक्षिणा घालणारा ग्रह असल्याचं जाहीर केलं. सहा महिने हा आकडा वर्षाच्या नेमका निम्मा आहे, आणि घोळ तिथेच होता. पल्सारच्या जागेत थोडी चूक होती आणि दुरुस्ती करताना पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार धरली गेली होती. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाला अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्या गटातल्या अँड्र्यू लाइन यांनी उभं राहून दावा मागे घेतला, आणि सभागृहाने त्यांना टाळ्या वाजवून दाद दिली. त्याच बैठकीत अलेक्झांडर वोल्श्चान यांनी बी१२५७+१२ बद्दल सांगितलं. डेल फ्रेल यांच्यासोबत त्यांना तिथे सुमारे ६६ आणि ९८ दिवसांचे दोन हेलकावे मिळाले होते. या दोन्ही आकड्यांचा आपल्या वर्षाशी संबंध नव्हता. शिवाय हे दोन ग्रह एकमेकांना ओढत असतील तर हेलकाव्यात विशिष्ट बदल दिसायला हवा होता, आणि १९९४ पर्यंत तोही दिसला. सूर्यमालेबाहेर खात्रीने सापडलेले हे पहिले ग्रह. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह त्यानंतर, १९९५ मध्ये मिळाला.

जोडीदाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७४ चं. रसेल हल्स हे जोसेफ टेलर यांचे विद्यार्थी. अरेसिबोच्या दुर्बिणीवर त्यांना ५९ मिलिसेकंदांचा एक पल्सार मिळाला, पण त्याचा काल दर दिवशी वेगळाच यायचा. पुढे उलगडा झाला की तो दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत एक प्रदक्षिणा घालतो, तीही लांबट कक्षेत. कक्षेचा लांब अक्ष दरवर्षी ४.२ अंशांनी फिरतो. बुधाच्या कक्षेचं याच कारणाने, म्हणजे आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेमुळे, होणारं फिरणं शंभर वर्षांत फक्त ४३ विकला आहे. यावरून या जोडीभोवती सामान्य सापेक्षता किती ठळक दिसते याची कल्पना येईल.

खरी गोष्ट पुढे आहे. अशी जोडी गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावत असेल, तर प्रदक्षिणेचा काल हळूहळू कमी व्हायला हवा. आइनस्टाइनच्या सिद्धांतातून येणारा दर वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंद. पावणेआठ तासांत एवढासा फरक थेट मोजणं अशक्य वाटतं. पण कक्षा लहान होत गेली की दोन्ही तारे सर्वांत जवळ येण्याचा क्षण दर खेपेला थोडा आधी येतो, आणि हे 'आधी येणं' साठत जातं. तीस वर्षांत ते ४० सेकंदांच्या घरात गेलं. ४० सेकंद तर सहज मोजता येतात. मोजलेला दर आणि सिद्धांताचा दर यांचा मेळ टक्क्याच्या काही दशांशांपर्यंत बसला, आणि १९९३ चं नोबेल हल्स व टेलर यांना मिळालं. अमेरिकेतल्या लायगो या शोधक यंत्रणेने गुरुत्वीय लहर थेट टिपली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. म्हणजे लहरी आहेत याबद्दल पल्सारवाल्यांची खात्री त्याआधी साडेतीन दशकं झालेली होती. २००३ मध्ये तर दोघंही पल्सार असलेली जे०७३७-३०३९ ही जोडी सापडली. तिची प्रदक्षिणा २.४ तासांची आहे, आणि सापेक्षतेच्या परीक्षा तिथे आणखी कडक झाल्या.

मधल्या काळात आणखी एक दार उघडलं होतं. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर यांच्या गटाला बी१९३७+२१ मिळाला. या शोधात श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म कुरुंदवाडचा, तेव्हा बर्कलीत पीएच.डी. करत होते. काल १.५६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ६४२ गिरक्या. त्याआधीचा सगळ्यात वेगवान पल्सार ३३ मिलिसेकंदांचा होता, त्यामुळे हा आकडा धक्कादायक होता. इतका वेग कुठून आला, याचं उत्तर त्याच वर्षी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी मांडलं. अमेरिकेतल्या एका गटानेही स्वतंत्रपणे तेच सुचवलं. म्हातारा झालेला पल्सार जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतो आणि त्या द्रव्याबरोबर येणाऱ्या कोनीय संवेगाने पुन्हा वेगात फिरू लागतो. या काळात त्याचं चुंबकीय क्षेत्रही हजारो पटींनी घटलेलं असतं, त्यामुळे तो पुढे फारच सावकाश मंदावतो. टायमिंगसाठी असाच पल्सार हवा असतो.

आता वाटेतल्या अडथळ्याकडे येऊ, कारण खोडदचा संबंध तिथून लागतो. तारे आणि आपण यांच्यामधल्या पोकळीत विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी जास्त उशिरा पोहोचतात, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण बेरीज दाखवणारा आकडा म्हणजे डीएम (डिस्पर्शन मेझर). समजा डीएम ५० आहे. ५०० मेगाहर्ट्झवर आलेला स्पंद ३०० मेगाहर्ट्झवर सुमारे दीड सेकंदाने पोहोचेल. पल्सार पाच मिलिसेकंदांचा असेल, तर त्या दीड सेकंदात त्याच्या तीनशे गिरक्या होऊन गेलेल्या असतात. ही दुरुस्ती केली नाही, तर प्रोफाइलचा नुसता चिखल होतो.

हाच आकडा इतर कामांना उपयोगी पडतो. डीएमवरून पल्सारच्या अंतराचा अंदाज येतो. स्पंदाच्या ध्रुवीकरणाची दिशा वाटेत किती फिरली हे सोबत मोजलं, की आकाशगंगेतलं चुंबकीय क्षेत्र कळतं. पल्सार शोधतानाही उपयोग होतो: मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह यांच्या गोंगाटात डीएमचा हा वक्र दिसत नाही, तो लांबून आलेल्या संकेतातच असतो. पार्क्स दुर्बिणीच्या जुन्या डेटात पल्सार शोधण्याच्या याच पद्धतीने २००७ मध्ये पहिला जलद रेडिओ स्फोट, म्हणजे क्षणभरच चमकणारा रेडिओ संकेत, हाती लागला. त्याचा डीएम आपल्या आकाशगंगेत बसेना इतका मोठा होता, आणि त्यातून संशोधनाची एक नवी शाखाच सुरू झाली.

तर गुरुत्वीय लहरी. लायगोला ऐकू येणाऱ्या लहरी सेकंदाच्या भागात हेलकावतात. दोन दीर्घिका एकत्र आल्यावर त्यांच्या केंद्रातली अतिप्रचंड कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात. त्यांच्या लहरींचं एक आवर्तन कित्येक वर्षांचं असतं. त्यासाठी काही हजार प्रकाशवर्षं लांबीचा शोधक लागेल, आणि तो आपल्याला पल्सारांनी आयता दिला आहे. लहर पृथ्वीवरून जाताना निरनिराळ्या दिशांच्या पल्सारांचे स्पंद दहा-वीस ते शंभर नॅनोसेकंदांच्या घरात मागेपुढे होतात.

पण इतका बारीक फरक इतर कारणांनीही पडतो. मग लहर ओळखायची कशी? १९८३ मध्ये रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी याचं जे उत्तर दिलं ते मला आजही अतिशय सुंदर वाटतं. एका पल्सारकडे पाहायचंच नाही, जोड्या करायच्या. पृथ्वीवरचं प्रमाणघड्याळ चुकलं तर सगळ्या पल्सारांत एकसारखा फरक दिसेल. सूर्यमालेचा गुरुत्वमध्य चुकीचा धरला असेल, तर एका बाजूचे पल्सार पुढे आणि समोरच्या बाजूचे तेवढेच मागे दिसतील. गुरुत्वीय लहरींची खूण तिसरीच असते: आकाशात जवळ असलेल्या पल्सारांचे फरक जुळतात, साधारण काटकोनात असलेल्यांचे उलट जातात आणि समोरासमोरच्यांचे पुन्हा काही प्रमाणात जुळतात. हा वक्र दुसऱ्या कुठल्या चुकीतून तयार होत नाही.

जून २०२३ च्या अखेरीस अमेरिकेचा नॅनोग्रॅव्ह, युरोप व भारताचा संयुक्त गट, ऑस्ट्रेलिया आणि चीन या सगळ्यांनी एकाच वेळी या वक्राचे पुरावे मांडले. नॅनोग्रॅव्हने ६७ पल्सारांचा १५ वर्षांचा डेटा वापरला होता, युरोप-भारत गटाने २५ पल्सारांचा. या दोन गटांची खात्री तीन ते चार सिग्माच्या आसपास होती (हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती कमी, हे सिग्मा सांगतो). शोध लागला असं ठणकावून सांगायला आम्ही पाच सिग्मा मागतो, म्हणून सगळ्यांनी जाणूनबुजून 'पुरावा' हाच शब्द वापरला. मला तो संयम योग्य वाटतो.

यात खोडदचा वाटा नेमका डीएमचा. वाटेतले इलेक्ट्रॉन कायम सारखे नसतात. पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, सौरवारा बदलतो आणि डीएमही आठवड्यागणिक किंचित बदलतो. हा बदल कमी वारंवारतेवर सगळ्यात ठळक दिसतो, आणि इतर गटांच्या बहुतेक दुर्बिणी जास्त वारंवारतेवर काम करतात. अद्ययावत जीएमआरटीच्या अँटेना दोन गटांत वाटून एकाच पल्सारकडे एकाच वेळी ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास पाहता येतं. इंडियन पल्सार टायमिंग ॲरेचा, म्हणजे अनेक पल्सारांच्या वेळा एकत्र मोजून या लहरी शोधणाऱ्या भारतीय गटाचा, कणा हाच आहे. त्यात जपानचे सहकारीही आहेत. या नियमित पाहण्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. जे१७१३+०७४७ हा सगळ्यात भरवशाच्या पल्सारांपैकी एक. एप्रिल २०२१ मध्ये त्याचं प्रोफाइल एकाएकी बदललं, आणि जीएमआरटीच्या डेटात तो बदल स्पष्ट दिसला. साच्याशी आकार जुळेना म्हणजे आगमनवेळ घसरली. एखाद्या पल्सारवर किती विसंबायचं, हा प्रश्न तेव्हापासून सगळेच जास्त गंभीरपणे घेतात.

ताऱ्याच्या आत काय आहे, हाही प्रश्न टायमिंगने सुटत चालला आहे. वेला पल्सार साधारण दर तीन वर्षांनी अचानक दहा लाखांत एक भाग एवढा वेगात येतो. याला ग्लिच म्हणतात. कवचाखालचा घर्षणहीन द्रव आपला वेग राखून असतो आणि मंदावलेल्या कवचाला एकदम झटका देतो, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. दुसरीकडे, जोडीदाराच्या गुरुत्वामुळे स्पंदाला होणारा उशीर मोजून काही न्यूट्रॉन तारे सूर्याच्या दुपटीइतके जड असल्याचं सिद्ध झालं. एवढं वजन पेलू न शकणारी अतिघन द्रव्याची कितीतरी गणितं त्यामुळे बाद झाली.

अवकाशयानांना पल्सारवरून दिशा दाखवण्याबद्दलही विचारणा होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या क्ष-किरण दुर्बिणीने त्याचं प्रात्यक्षिक झालेलं आहे. रोजच्या वापराला मात्र अजून वेळ आहे.

या विषयात शिरायचं असेल तर दुर्बिणीची वाट पाहू नका. ऑस्ट्रेलियाच्या एटीएनएफ या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेची पल्सार सूची इंटरनेटवर सर्वांना खुली आहे, त्यात साडेतीन हजारांहून जास्त पल्सार आहेत. दर २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला दुर्बीण पाहायला देतात आणि शाळा-महाविद्यालयांचं प्रदर्शनही भरतं, तिथेही जा. सूचीतून सुरुवात क्रॅब पल्सारने करा. त्याचा काल ०.०३३४ सेकंद आणि प्रत्येक सेकंदाला तो ४.२ × १०⁻¹³ सेकंदाने वाढतो, म्हणजे दिवसाला सुमारे ३६ नॅनोसेकंद. कालाला या दराच्या दुपटीने भागा. वय सुमारे १२६० वर्षं येईल. चिनी निरीक्षकांनी तो अतिनवतारा १०५४ मध्ये पाहिला होता, म्हणजे आपल्या दृष्टीने खरं वय ९७० वर्षांच्या आसपास. जन्माच्या वेळचा काल नगण्य होता आणि तो केवळ चुंबकीय द्विध्रुवासारखा मंदावतो, अशी दोन गृहीतकं त्या सूत्रात आहेत. दोन्ही क्रॅबला पूर्ण लागू पडत नाहीत. मग सगळ्या पल्सारांचा काल आडव्या अक्षावर आणि काल वाढण्याचा दर उभ्या अक्षावर मांडा, दोन्ही लॉगमध्ये. बहुतेक ठिपके मध्यभागी एका मोठ्या पुंजक्यात येतील. खाली डावीकडे वेगळा घोळका दिसेल, काल काही मिलिसेकंदांचा आणि वय अब्जावधी वर्षांचं. त्यातले किती जोडीत आहेत ते सूचीतून मोजा. टायमिंग ॲरेसाठी पल्सार निवडले जातात ते याच घोळक्यातून.